पंजा, फरशी आणि फाडूकाका

या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कारखान्याचे मालक, व्यासपीठाची शोभा वाढवणारे धरण विभागाचे मुख्य अभियंता साहेब, कामगार संघटनेचे सचिव, आजचे सत्कारमूर्ती आदरणीय फाडूकाका, त्यांच्या शेजारी अवघडून बसलेल्या काकू, डिझाइन आणि टेस्टिंग विभागांतले माझे सहकारी, आणि मागच्या दाराशी उभे राहून चहाच्या किटलीवर डोळा ठेवून असलेले दुसऱ्या पाळीचे मित्रहो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. ती पुरणार नाहीत, हे आधीच सांगून टाकते. मानपत्राचं वाचन आपण ऐकलंत. अक्षर सुंदर, चौकट त्याहून सुंदर. पण त्यात काकांना 'मृदुभाषी' म्हटलंय. मृदुभाषी! आत्ता टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकाने तरी हात वर करून सांगावं, की काकांनी मला आजवर एकही शिवी दिलेली नाही. बघा, एकही हात नाही. काकूंचाही नाही.

ही चूक गमतीची झाली. दुसरी तशी नाही. मानपत्रात अकरा वर्षांपूर्वीच्या 'एका दुर्दैवी प्रसंगाचा' उल्लेख आहे, आणि तो 'मोठ्या मनाने विसरून' व्यवस्थापनाने काकांना सेवेत ठेवलं असं पुढे लिहिलंय. त्या प्रसंगाबद्दल या सभागृहात सगळ्यांना एवढंच माहीत आहे, की काकांनी भिंतीवर चढायचा पंजा तपासून पास केला, तो पंजा भिंतीवरून सुटला, आणि त्याच सकाळी काकांनी माझ्या धाकट्या भावाचं मनगट मोडलं. सदोष माल पास करणारा आणि वर हात उचलणारा माणूस, अशी नोंद अंगावर घेऊन काका आज निवृत्त होऊन घरी निघालेत. ती नोंद खोटी आहे. मी खाली बसायच्या आत ती दुरुस्त करणार आहे. अध्यक्षमहाशय, आपण घंटा वाजवलीत तरी करणार आहे.

नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींसाठी थोडं मागे जाते. आपला कारखाना पकडून ठेवणाऱ्या वस्तू बनवतो, आणि पकडण्याची विद्या आपण जनावरांकडून चोरतो. चिकटून राहणं म्हटलं की आपल्याला मायेचं काहीतरी वाटतं. पण जरा जवळून बघा. गोचीड कुत्र्याच्या कानात तोंड खुपसते, त्या तोंडावर उलटे काटे असतात. जोरात ओढलीत तर धड तुमच्या चिमटीत येतं आणि तोंड मांसात राहतं. माशाच्या पोटात एक जंत राहतो. तो सुईसारखं डोकं आतड्याच्या भिंतीत घुसवतो आणि आत गेल्यावर फुगवतो. त्या जंतावरून लोकांनी टाक्यांऐवजी लावायची पट्टी बनवून पाहिली. कुणीतरी कुणाला तरी ओढून, आपटून, खरवडून काढायला टपलेलं आहे, म्हणून पकड आहे. हे सगळं मारामारीतून आलेलं शास्त्र आहे.

आपला पंजा आला तो बोटभर लांबीच्या एका माशावरून. हा समुद्रकाठच्या खडकाला पोटाखालच्या चकतीने चिकटतो. खडक खडबडीत, वर बुळबुळीत शेवाळ, त्यावर लाटांचा मार. पण चकतीच्या कडेला केसाहून बारीक तंतू असतात, ते खडकाच्या खाचाखोचांत शिरून बसतात आणि पाणी आत येऊ देत नाहीत. स्वतःच्या वजनाच्या शंभरपटीहून जास्त ओढ हा मासा सोसतो. आणि मेल्यावरही सोसतो, हे मला काकांनी दाखवलं.

माझा इथला पहिला आठवडा होता. टेस्टिंगच्या खोलीत गेले, तर काकांनी एक मेलेला मासा दगडावर दाबून बसवलेला. शेपटीला आकडा, आकड्याला तार, तार मशीनला. बटण दाबलं. तार ताणली गेली, मासा लांब झाला, आणि शेपटी तुटून खाडकन काचेवर आपटली. चकती दगडालाच. माझ्या नव्याकोऱ्या पांढऱ्या कोटावर शिंतोडे. काका वळून म्हणाले, "बघितलंत मॅडम? जीव गेला तरी पकड गेली नाही. आता तुम्ही असं काहीतरी बनवा, की फाडताना मला घाम फुटला पाहिजे."

फाडू हे नाव त्यांना यामुळेच पडलं. इथला नियम तेव्हाही हाच होता: डिझाइनवाल्यांनी बनवायचं, काकांनी फाडायचं. किती ओढीला, किती वेळाने, कुठून फाटलं ते कागदावर लिहून खाली काकांची सही. ती सही असल्याशिवाय फाटकातून साधा वॉशर बाहेर जात नसे. मी सहा-सहा महिने डोळ्यांत तेल घालून बनवलेली वस्तू काका चहा निवायच्या आत फाडायचे आणि वर मनापासून हसायचे. मला त्यांचा भयंकर राग यायचा. खोटं कशाला बोलू, त्या मशीनमध्ये काकांनाच अडकवून बटण दाबावं असं कितीदा मनात आलंय. काकू, माफ करा. का हसताय? तुमच्याही मनात यायचं?

तर पंजा. दोन हातांना दोन, दोन गुडघ्यांना दोन. धरणाच्या ओल्या भिंतीवर तडे तपासायला माणूस चढणार, आणि चढणार होता माझा धाकटा भाऊ. तिसऱ्या रांगेत बसलाय तो. त्याला सगळे पाल म्हणतात, कारण लहानपणापासून तो जमिनीपेक्षा भिंतीवर जास्त राहिला. मी पंजा बनवायचा आणि त्याने तो घालून चढायचं, यात आम्हां दोघांना केवढा अभिमान होता! आईने तर त्याच्या कामाच्या कपड्यांच्या खिशावर लाल दोऱ्याने पाल काढून दिली होती.

आणि इथे आमची चूक झाली. अशी चूक फक्त आमच्यासारखे लोकच करू शकतात. टेस्टिंगच्या खोलीत काँक्रीटची एक फरशी होती. अगदी धरणाच्या भिंतीसारखी खरखरीत. दीड वर्षं आम्ही प्रत्येक पंजा तिच्यावरच चिकटवला, तिच्यावरून ओढून काढला, पुन्हा चिकटवला. पंजा त्या फरशीवर चार-चार तास हलत नसे. मी आनंदाने आकडे लिहीत होते. मग एक दिवस ती फरशी तडकली. काकांनी नवी आणली, तशीच, त्याच साच्यातली. तिच्यावर पंजा चौदा मिनिटांत गळून पडला.

मी काय म्हणाले असेन? "फरशी भिकार आहे, दुसरी आणा." काकांनी दुसरी आणली. सतरा मिनिटं. तिसरी आणली. बारा मिनिटं. मी म्हणाले, "आपली जुनीच फरशी चिकटवून घ्या, तीच खरी आहे." माझ्या विभागातली पोरंही म्हणायची, हल्ली चांगल्या फरश्या येत नाहीत. हसू नका, आम्ही तेव्हा हे गंभीर चेहऱ्याने बोलत होतो.

काकांनी त्या तडकलेल्या फरशीचा एक तुकडा पान्याने फोडला, भिंगाखाली धरला आणि मला मानेला धरून खाली वाकवलं. अक्षरशः मानेला धरून. दीड वर्षाच्या ओढाओढीत आमच्याच पंजांचं रबर घासून घासून त्या फरशीच्या छिद्रांत जाऊन बसलं होतं. फरशी आम्ही स्वतःच बुजवली होती. वरून खडबडीत दिसत होती, पण आत सगळी छिद्रं बंद. काका म्हणाले, "तुमचा पंजा भिंतीला चिकटत नाही मॅडम, स्वतःच्याच मळाला चिकटतोय. माशाचे केस बारीक आहेत, तुमचे झाडूसारखे आहेत. खऱ्या भिंतीवर पंधरा मिनिटांत माणूस खाली येईल. मी सही करत नाही."

हा शुक्रवार. सोमवारी धरणावर प्रात्यक्षिक होतं. तीस मीटर उंची, अर्धा तास, खाली काँक्रीटचा ओटा. आणि दोर बांधायचा नाही. कारण, अध्यक्षमहाशय, आपलंच वाक्य आहे, "दोर दिसला तर गिऱ्हाईक दोरच विकत घेईल." या वाक्यावर तेव्हा आम्ही सगळे खळखळून हसलो होतो. मीही.

सोमवारी सकाळी कागदावर पासचा शिक्का होता आणि खाली काकांची सही होती. पुढचं आता नीट ऐका.

काका भल्या पहाटेच्या बसने धरणावर पोचले. आधी गेले ते व्यासपीठावरच्या या साहेबांकडे. साहेब तेव्हा तिथे कार्यकारी अभियंता होते. काका म्हणाले, पंजा सुटणार आहे, माणूस चढवू नका. साहेबांनी फाइल उघडून त्यांच्यापुढे धरली. "अहो, पास तुम्हीच केलंय ना? ही सही तुमचीच आहे ना?" आठवतंय का साहेब? काकांनी तो कागद जवळ घेऊन खालपर्यंत बघितला, फाइल मिटली आणि बाहेर आले. मग मालकांकडे गेले. मालकांनी चौकीदाराला बोलावलं. मग माझ्याकडे आले. मी त्यांच्याकडे पाठ केली. राहिला माझा भाऊ.

तो भिंतीच्या पायथ्याच्या पत्र्याच्या खोलीत कपडे बदलत होता. काका आत गेले आणि आतून कडी लावली. पुढचं मला भावाने नंतर सांगितलं. काकांनी सगळं समजावलं, तेही एकही शिवी न देता. भाऊ म्हणाला, "काका, तुम्ही फाडायचं काम करा, मी चढायचं करतो. सरका." काका सरकले नाहीत. भावाने ढकललं. काका पुन्हा दाराशी. मग भावाने ठोसा मारला, तो काकांच्या तोंडावर बसला आणि समोरचे दोन दात पडले. एक दात त्याच्या मुठीतच रुतला. काकांनी रक्त थुंकलं, आणि भिंतीला टेकलेला मोठा पाना उचलला.

मी बाहेरून दार बडवत होते. आत बाकडं पडल्याचा आवाज, पत्र्यावर कुणीतरी आदळल्याचा आवाज. काकांनी त्याचा उजवा हात बाकड्यावर आडवा दाबला होता, कोपरावर गुडघा रोवला होता. पहिला घाव बसला तेव्हा भाऊ ओरडला. दुसऱ्या घावाला हाड मोडलं. तो आवाज मी दाराबाहेरून ऐकला, ओली फांदी मोडल्यासारखा.

कडी निघाली तेव्हा माझ्या हातात आग विझवायचा लाल सिलिंडर होता. तो मी भिंतीवरून कधी काढला ते मला माहीत नाही. मी काकांच्या कपाळावर मारला. ते गुडघ्यावर आले. मी पुन्हा मारला. तिसऱ्यांदा उचलला, तो भावाने डाव्या हाताने धरला म्हणून थांबले. नाहीतर आज हा समारंभ झाला नसता आणि मी तुरुंगात असते. काकांच्या कपाळावरचा व्रण मशीनची तार तुटून झालेला नाही, मित्रहो. अकरा वर्षं तुम्हांला तसं सांगितलं गेलं. तो व्रण मी केलेला आहे. आणि जमिनीवर पडलेले काका, डोळ्यांत रक्त उतरलेलं, तोंडात दात नाहीत, माझ्या भावाच्या लोंबणाऱ्या हाताकडे बघून काय म्हणाले माहीत आहे? "आता चढून दाखव."

काकांना पोलिसांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. भावाने जायला नकार दिला. हाताला लाकडी पट्टी बांधून तो उन्हात उभा राहिला. पाहुणे आलेले, तंबू लागलेला, मग मालकांनी तोड काढली: आधी वजन टांगून दाखवू. एका पोत्यात ऐंशी किलो वाळू भरली. पोतं जरा माणसासारखं दिसावं म्हणून त्याला भावाचेच कामाचे कपडे चढवले, वर शिरस्त्राण बांधलं. क्रेनच्या पाळण्यातून दोघांनी ते तीस मीटरवर नेलं, चारही पंजे भिंतीवर दाबून बसवले, आणि पाळणा बाजूला घेतला.

दहा मिनिटं झाली, टाळ्या पडल्या. मी मनात म्हणत होते, बघा, म्हातारा चुकला. पंधरा झाली. एकोणिसाव्या मिनिटाला डाव्या गुडघ्याचा पंजा सुटला, मग उजव्या, मग सगळं एकदम. ते हात पसरून आलं. ओट्यावर आदळलं तेव्हा कपडे पाठीवर उभे फाटले, वाळू पाहुण्यांच्या बुटांपर्यंत उडाली, आणि शिरस्त्राणाचे दोन तुकडे झाले. माझा भाऊ पुढे गेला, एका हाताने वाळू बाजूला करत राहिला आणि खिशावरच्या लाल पालीपाशी येऊन थांबला. मग तो तिथेच बसला आणि उलटी केली.

यानंतरचं सगळं मानपत्रात आहे, फक्त उलट्या बाजूने. चौकशी झाली. पोतं नीट बांधलं नव्हतं असं आधी म्हटलं गेलं. मग, पंजा पास करणाऱ्याने हलगर्जी केली असं ठरलं. काकांना सहा महिने घरी बसवलं, आणि परत घेतलं ते मदतनीस म्हणून, ज्या खोलीचे ते प्रमुख होते त्याच खोलीत. मारहाणीची तक्रार भावाने मागे घेतली, नाहीतर तेही भोगलं असतं. फरशीची चूक पंधरा दिवसांनी 'डिझाइन विभागाने' शोधून काढली. म्हणजे मी. पंजाच्या कडेचे तंतू आम्ही माशासारखे बारीक केले, आणि आज दोनशे माणसं ते पंजे घालून, दोर बांधून, ओल्या भिंतींवर काम करतात. त्याबद्दल मला पारितोषिक मिळालं, डिझाइन आणि टेस्टिंग हे दोन्ही विभाग मिळाले. भाषणही केलं मी तेव्हा. काका मागच्या दाराशी उभे होते. टाळ्याही वाजवल्या त्यांनी.

तुम्हांला कधीच प्रश्न पडला नाही का? जो माणूस नखाएवढं रबर फाडून बघितल्याशिवाय सही करत नव्हता, त्याने शनिवार-रविवारी पासची सही केली आणि सोमवारी तोच पंजा कुणी घालू नये म्हणून एकाचं हाड मोडलं? चौकशी समितीला नाही पडला. साहेब, आपल्यालाही नाही.

काका, मान हलवू नका. उठूही नका. काकू, त्यांना धरून ठेवा जरा.

ती सही मी केली.

रविवारी दुपारी, माझ्या टेबलावर, काकांच्या जुन्या कागदांवर कागद ठेवून चार वेळा गिरवली आणि पाचव्यांदा खरी केली. मालकांनी खोटी सही करा असं सांगितलं नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगते. ते म्हणाले होते, "सोमवारच्या आत सही आणा." मी आणली. कुणी माझ्या गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. मला वाटत होतं मी बरोबर आहे आणि तो म्हातारा माझ्यावर जळतो. एवढ्यासाठी मी माझ्या सख्ख्या भावाला तीस मीटरवर टांगणार होते. हाच तो कागद. चौकशीच्या दफ्तरातून आज सकाळी काढून आणलाय. हा मी मुख्य अभियंता साहेबांच्या हातात देते, आणि त्यासोबत माझा लेखी जबाब. साहेब, या वेळी सही कुणाची आहे ते नीट बघून घ्या.

काकांना हे कधी कळलं? साहेबांनी फाइल उघडली तेव्हाच. तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. कपाळाला नऊ टाके, तोंड सुजलेलं, खाटेशी शिपाई बसलेला. मला वाटलं, आता सगळं सांगणार. शिपाई पाणी आणायला गेला तेव्हा काका म्हणाले, "सही बरी जमलीये. शेवटची रेघ मात्र मी खाली नेतो, तुम्ही वर नेलीत." मी रडायला लागले. मी म्हणाले, मी आत्ता जाऊन सांगते. काका खेकसले, "गप बस, मूर्ख पोरी! तुला काढलं तर ते केस बारीक कोण करणार? तो शेंबडा पाल पुन्हा चढल्याशिवाय राहणार नाही, त्याला धड पंजा कोण देणार?" त्या एका वेळीच त्यांनी मला मॅडम म्हटलं नाही. आणि मी गप बसले. त्यांनी सांगितलं म्हणून नाही. मला गप बसायचंच होतं, म्हणून.

पुढे दर वर्षी मी ठरवायचे, यंदा सांगू. दर वर्षी काका मदतनीसाच्या कपड्यांत माझ्यासमोर यायचे, माझा नवा पंजा फाडायचे, कागद लिहायचे आणि सहीसाठी माझ्यापुढे ठेवायचे. कारण आता सहीचा अधिकार माझा होता.

अध्यक्षमहाशय, आपण घंटेवर हात ठेवून बराच वेळ बसला आहात आणि ती वाजवली नाहीत, याबद्दल आपले मनापासून आभार. इतक्या शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल सभागृहाचेही आभार. काकूंचे आभार मी कोणत्या तोंडाने मानू ते मला कळत नाही, म्हणून मानत नाही. बोलण्याच्या भरात पाच मिनिटांची वीस झाली, कुणाला लागेल असा शब्द गेला असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर तेवढं आपलं म्हणून सांभाळून घ्या. सहीचं मात्र कुणी सांभाळून घेऊ नका. ते काम अकरा वर्षं काकांनी एकट्याने केलंय.